खुरावरची चीर

घोड्याचा खूर ही मोठी फसवी वस्तू आहे. पाहणाऱ्याला तो दगडाइतकाच निर्जीव वाटतो. त्याला खिळे ठोकतात, त्याची कड कानशीने घासतात, आणि घोडा कान हलवीत निर्विकारपणे उभा असतो. पण ही निर्जीवता वरच्या कवचापुरतीच. माणसाचे नख ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याची ही भिंत; तिच्या आत जिवंत पापुद्र्यांच्या शेकडो घड्या, रक्तवाहिन्यांचे दाट जाळे, आणि त्या साऱ्यांत रोवलेले पावलाचे शेवटचे हाड. कवच आणि जिवंत मांस यांच्यामध्ये फुगायला जागा अशी नाहीच. माणसाच्या बोटाला गळू झाले तर बोट सुजते आणि आतला ताण थोडाफार वाटून घेते. खुराला ती सोय नाही. चमचाभर पू जरी आत साठला तरी तो कोंडून राहतो, आणि काल चढण चढून आलेले जनावर आज तीन पायांवर उभे असलेले आढळते. नवखा मालक हाडच मोडले असे समजून हाय खातो. जाणता माणूस आधी खुरावर तळहात ठेवून ऊब पाहतो. मग खुराच्या वर, मागच्या बाजूस, दोन बोटे टेकवून नाडी शोधतो. निरोगी पायात ती नाडी जेमतेम हाताला लागते. गळू असेल तर ती बोटांवर ठोके देते.

या एका पायाभोवती भाषांनी जमवलेला शब्दसंग्रह पाहण्यासारखा आहे. खूर संस्कृताकडून आला, नाल अरबीतून, नालबंद फारसीतून. तळव्याच्या मध्यभागी, टाचेकडून टोकाकडे निमुळता होत जाणारा जो मऊ, रबरासारखा त्रिकोण असतो त्याला हिंदी-उर्दूत पुतली म्हणतात. इंग्रज त्याच अवयवाला बेडूक म्हणतो; आणि ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिणाऱ्या झेनोफोनने त्याला पाकोळी म्हटले आहे. दुभंगलेल्या शेपटीच्या आकारावरून ग्रीकांना पाकोळी दिसली असावी. इंग्रजांना बेडूक कसा दिसला हे सांगणे अवघड. हा झेनोफोन घोड्याची परीक्षा पायापासून सुरू करतो, त्यासाठी घराच्या पायाचा दाखला देतो, आणि खूर टणक व्हावेत म्हणून तबेल्याबाहेर वाटोळे गोटे पसरायला सांगतो. आपल्याकडे शालिहोत्राचे नाव अश्वविद्येला असे चिकटले की त्या विद्येलाच शालिहोत्र म्हणू लागले. त्याचेच झिजलेले रूप सालोत्री हे मराठीत घोड्याच्या वैद्याला लागले. जयदत्ताचे अश्ववैद्यक आहे, नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र आहे. विराटाच्या घरी अज्ञातवासात हाच नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन घोडे राखीत होता. १८८६ साली मुंबईत पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले आणि पुढे सालोत्री हा शब्द हळूहळू कोशात जाऊन बसला. मात्र लोकांच्या तोंडी या साऱ्या विद्येतून उरले ते मुख्यतः शुभाशुभ: भोवरा कुठे आहे, पंचकल्याणी आहे की नाही, कपाळावरचा टिळा कसा उतरला आहे. घोडा विकत घेताना आजही माणसे भोवरे मोजतात आणि खूर उचलून पाहायचे विसरतात.

मुंबई-पुण्याच्या दरम्यान, नेरळच्या वर, माथेरानचा डोंगर आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली तिथे चढून गेला, तेव्हापासून ते थंड हवेचे ठिकाण झाले. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर पोचली. तिथे मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढची वाट पायी, हातरिक्षाने नाही तर घोड्यावरून, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली आणि घोडेवाल्यांच्या मनात पहिल्यांदाच आपल्या धंद्याच्या शेवटाचा विचार डोकावून गेला. काही वाटांवर मातीऐवजी फरशीचे ठोकळे बसवले गेले. त्यांवरून नाल घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार जुनीच आहे. डोंगराचा माथा जांभ्या दगडाचा. उन्हाळ्यात तांबडी धूळ गुडघ्यापर्यंत चढते, पावसाळ्यात त्याच धुळीचा चिखल होतो, आणि चिखलाखाली जांभ्याचे टोकदार खडे दडून बसतात. खुराला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. चार महिने भिजून मऊ पडलेला खूर, त्यात रुतणारा खडा. तळवा आणि भिंत जिथे सांधली जाते त्या पांढऱ्या रेघेत बारीकशी फट पडली की चिखलातले जंतू आत शिरतात आणि वर सरकू लागतात.

२०२३ साली ऑगस्टात पावसाने दडी मारली आणि सप्टेंबरात तो परतला. ओले, कोरडे, पुन्हा ओले. गणपतीच्या दिवसांत तिथल्या एका घोडेवाल्याची कुमैत घोडी सकाळी गोठ्यातून बाहेर यायला तयार होईना. घोडी अकरा वर्षांची, अंगाने लहान, तीन पाय काळे आणि उजवा पुढचा पांढरा. पांढरा खूर ठिसूळ असतो असा समज आहे; त्या समजात तथ्य किती हा वेगळा प्रश्न, पण दुखणे नेमके त्याच खुरात आले, आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना ज्ञान सांगायला जोर चढला. घोडेवाल्याजवळ हे एकच जनावर. ते उभे राहिले की चूल उभी राहते, असा हिशेब नव्हे. ते चालले तरच चूल चालते. हरभऱ्याच्या दुकानदाराची उधारी पावसाळ्यात चढलेलीच होती, ती दिवाळीच्या हंगामात फिटायची होती.

सरकारी पशुवैद्याने धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. घोड्याइतके धनुर्वाताला लवकर बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर क्वचितच असेल. तेव्हा पायाला छिद्र पडले की हे पहिले काम. अंगात ताप नव्हता. पू बाहेर पडणे हाच इलाज, असे सांगून त्याने पाय नालबंदाच्या स्वाधीन केला. नालबंद म्हातारा होता. पक्कडीच्या तोंडात खूर धरून तो बोटभर अंतरावर दाबत गेला. बाहेरच्या बगलेला, टाचेच्या थोडे अलीकडे, पक्कड आली आणि घोडीने पाय हिसकावून घेतला. तिथे त्याने पांढऱ्या रेघेत सुमतराशीचे टोक फिरवले. फार खणले नाही. तळवा खणून मोठे भगदाड पाडणाऱ्यांबद्दल त्याला मनस्वी तिटकारा होता. पुवाला वाट हवी असते, दिंडीदरवाजा नको असतो, असे तो म्हणे. करंगळीच्या नखाएवढ्या छिद्रातून काळपट, पाण्यासारखा पू आला आणि असा वास सुटला की घोडेवाल्याचा मुलगा तोंड फिरवून दूर जाऊन उभा राहिला. पुष्कळदा एवढ्यावर भागते आणि घोडे त्याच संध्याकाळी पाय टेकते. इथे भागले नाही. पू आधीच वर चढला होता. तिसऱ्या दिवशी केस जिथे संपतात आणि खूर सुरू होतो त्या कडेवर तो फुटला; बोटाच्या पेराएवढी आडवी चीर पडली. आता भिंतीच्या आत तळापासून वरपर्यंत एक बोळ तयार झाला होता. वरून पिचकारीने सोडलेले पातळ आयोडीन खालच्या छिद्रातून थेंब थेंब बाहेर येई.

गळू फुटले की लोकांना दुखणे संपल्यासारखे वाटते. वस्तुतः खरे काम तिथे सुरू होते, आणि ते काम फार कंटाळवाणे असते. पहिले तीन दिवस कोपर सोसेल इतक्या गरम पाण्यात एप्सम मीठ विरघळवून घोडीचा पाय पंधरा-वीस मिनिटे बादलीत ठेवायचा. घोडीला बादली म्हणजे प्यायचे भांडे. तिने दोनदा ती लाथाडली, एकदा त्यात तोंड घातले. मग कोंडा आणि तेच मीठ यांचे पोटीस, त्यावर कापूस, त्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, त्यावर गोणपाट, आणि सर्वांत खाली मोटारीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, ओल आत शिरू नये म्हणून. मोटारी नसलेल्या गावात मोटारीची ट्यूब खालून नेरळहून आणावी लागली. पट्टी बांधण्याचे काम घोडेवाल्याच्या बायकोने आपल्याकडे घेतले. त्याचे हात ती फार आवळत, आणि खुराच्या वरच्या कडेला पट्टी आवळली गेली तर तिथला रक्तप्रवाहच अडतो. जिथून नवा खूर उगवायचा तीच ही कड. ती घोडीचा पाय आपल्या गुडघ्यावर घेऊन बसे, आणि घोडी आपले सगळे वजन तिच्यावर रेलून देई. तेव्हा ती तिला जे बोले ते छापण्याजोगे नव्हते.

चौथ्या दिवशी पू थांबला आणि नालबंदाने बादली बंद करायला सांगितले. घोडेवाल्याला ते पटेना. गरम पाण्याने बरे वाटते तर आणखी आठ दिवस का नको? पण भिजवण्याचा उपयोग पू सुटण्यापुरताच. त्यानंतर पाणी हा शत्रू. मऊ पडलेला तळवा नव्या जंतूंना वाट देतो. आता छिद्रात आयोडीनचा बोळा, वर कोरडी पट्टी, आणि पायाखाली कोरडी जमीन. सप्टेंबरातल्या माथेरानात कोरडी जमीन! भिंतींना ओल सुटलेली, दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. गोठ्यात फळ्या टाकून त्यांवर भाताचा तूस पसरला, तो रोज ओढून नवा घातला. मुलगा खालून पोती वाहून आणी. एरवी ही पोती घोडीच्या पाठीवरून आली असती.

नालबंदाची दुसरी आज्ञा अधिक कठीण होती.

"दाणा तोड," तो म्हणाला. "हरभरा बंद, कोंडा मूठभर, गवत पोटभर."

"चाचा, आजारी आहे ती. अशक्त झाली आहे."

"अशक्त तू झालास. तिला काय झालंय? उभ्या घोडीला दाणा म्हणजे दुसरा पाय गमावणं आहे."

यात अतिशयोक्ती होती, पण फारशी नव्हती. कामावरचा दाणा रिकाम्या उभ्या घोड्याला मानवत नाही. पोट फुगते, कधी पायांत दाह उतरतो. शिवाय एक पाय उचललेला म्हणजे जोडीच्या पायावर दुहेरी भार, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारा जसा नंतर अंथरूण धरतो तसा हा चांगला पायही कधीकधी कायमचा जातो. म्हणून घोडेवाला सकाळ-संध्याकाळ डाव्या खुरावरही तळहात ठेवून पाही. दाणा तोडणे मात्र त्याच्या जिवावर आले. ज्या घरात आजाऱ्याला दोन घास जास्त देण्यात माया आहे, तिथे घास कमी करण्यात माया पाहायला वेगळीच नजर लागते. तो रात्री उठून मूठभर हरभरे तिच्यापुढे करी असा त्याच्या बायकोला संशय होता. तिने डबा आपल्या उशाशी घेतला.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या तिन्ही प्रश्नांना मराठी घरातले पोर एकच उत्तर देते: फिरवले नाही म्हणून. या कोड्यात जेवढी गंमत आहे तेवढाच शरीरशास्त्राचा अंशही आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू नाहीत. प्रत्येक पावलाला पुतली आणि टाच दाबली जाऊन खुरातले रक्त वर ढकलले जाते. घोडे उभे राहिले की ही ढकल मंदावते. तेव्हा पूर्ण विश्रांती हाही उपाय नव्हे, आणि काम तर नव्हेच. आठव्या दिवसापासून घोडेवाला तिला हाताशी धरून घरामागच्या पाल्यापाचोळ्याच्या मऊ तुकड्यावर दहा मिनिटे फिरवू लागला. ती लंगडत होती, पण चौथा पाय टेकत होती. येणारेजाणारे पाहत, विचारत. त्यांतच एक जनावरांचा दलाल होता. त्याने लंगडीची किंमत सांगितली. किंमत कमी होती तरी अगदी लाजिरवाणी नव्हती, आणि घोडेवाल्याने ती दोन रात्री मनात घोळवली, हे त्याने पुढे कधी नाकारले नाही.

दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. ऑक्टोबर संपता संपता तळव्याचे छिद्र बुजले, नवा तळवा बोटाने दाबला तर कठीण लागू लागला. घोडी सपाटीवर जवळजवळ सरळ चालत होती. कोणत्याही अनभिज्ञ डोळ्याला ती बरी दिसली असती. मुलाच्या डोळ्याला दिसली. वर्षाची निम्मी कमाई ज्या पंधरवड्यात होते तो तोंडावर आला होता.

"बाबा, मोठी माणसं नको. नुसती पोरं बसवू. दस्तुरीहून बाजारापर्यंत, बस."

"पोरांचं वजन ती उचलील रे. वजनाचं नाही. पोरं बसली म्हणून खडे काय बाजूला होणार आहेत?"

अडचण नालाची होती. भिंतीतला बोळ जिथून गेला तेवढा भाग आतून सुटा झाला होता. नालबंद बोटाच्या मागच्या पेराने भिंत ठोकून पाही. धड भाग घट्ट बोले, बगलेचा भाग रिकाम्या नारळासारखा. तिथे खिळा धरणार नव्हता, आणि धरलाच तर ओढ बसून सुटी भिंत वरपर्यंत फाटली असती. बिननालाचा एक पाय घेऊन जांभ्याच्या वाटेवर माणूस वाहणे म्हणजे गळवाला पुन्हा आमंत्रण. आणि वरची ती आडवी चीर? ती बुजत नाही. खूर कातडीसारखा भरून येत नाही. तो फक्त वरून उगवतो आणि खाली सरकतो. महिन्याला जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटर. म्हणजे चिरेला जमिनीपर्यंतचा प्रवास करायला सहा-सात महिने लागणार. तोवर ती पांढऱ्या खुरावर लिहिलेल्या तारखेसारखी दिसत राहणार.

घोडेवाल्याने दिवाळीत घोडी काढली नाही. तो दुसऱ्याच्या दोन घोड्यांचा लगाम धरून रोजाने चालला. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचे घोडे घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराला घोड्याच्या खर्चापोटी आगाऊ जी रक्कम मिळे तिचे नावच नालबंदी. शिलेदाराचे घोडे मेले की त्याचा बारगीर व्हायला वेळ लागत नसे, आणि ही पायरी उतरण्याचे शल्य किती खोल असे हे जुने कागद चाळणाऱ्याला ठाऊक आहे. माथेरानच्या वाटेवर हे शब्द कोणी वापरीत नाही. पण पाहुण्यांना "माझी घोडी शांत आहे, घाबरू नका" असे वीस वर्षे सांगत आलेल्या माणसाने त्या पंधरवड्यात "घोडा शांत आहे" एवढेच म्हटले. आणि त्याची बायको चहाच्या टपरीवर भांडी घासायला जाऊ लागली, हे तिने माहेरी कळवले नाही. हरभऱ्याच्या दुकानदाराची निम्मी उधारी फिटली. निम्मी राहिली. मुलगा बापाशी चार दिवस बोलला नाही, मग नेरळला एका गॅरेजात कामाला राहिला. त्या रुसव्यामागे केवळ दिवाळी नव्हती. ज्या धंद्यात एक खडा सहा महिने खातो त्या धंद्यात आपण का राहावे, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याला घरात कोणाजवळ उत्तर नव्हते.

डिसेंबरात थंडी पडली, जमीन वाळली, खूर टणक झाले. चीर तोवर दोन बोटे खाली आली होती. नालबंदाने नाल ठोकला तो असा: आतल्या बाजूस तीन खिळे, बाहेरच्या बगलेस पुढे सरकवून फक्त दोन, आणि सुट्या भागाखालची कड थोडी तासून मोकळी, म्हणजे जमिनीचा धक्का तिथे पोचू नये. नाल नेहमीपेक्षा हलका घडवला. जानेवारीत घोडी एका फेरीला निघाली, मग दोन. चढावर ती पूर्वीसारखीच मान टाकून चाले. उताराला मात्र खडा दिसला की क्षणभर थांबून उजवा पाय जपून ठेवी. पाय दुखत नव्हता. दुखल्याची आठवण त्याला होती. पर्यटकांना तो थांबा कळत नसे आणि ते टाचा मारीत. घोडेवाला त्यांना काही न बोलता लगाम आपल्या हाती घेई.

दर पाच-सहा आठवड्यांनी नाल निघे, आणि दर वेळी चीर कुठवर आली हे पाहायला शेजारचे दोघेतिघे जमत. मार्चमध्ये मुलगा होळीला घरी आला तेव्हा त्याने कोणी न सांगता पाय उचलला आणि अंगठ्याने चीर चाचपली. खाली दीड बोट उरले होते. जसजशी चीर कडेजवळ येते तसतसा तिच्याखालचा तुकडा सैल होतो आणि एखादे दिवशी ढलपी निघते. न जाणणाऱ्याला वाटते खूरच फुटला. नालबंदाने हे आधीच सांगून ठेवले होते, तरी घोडेवाला रोज रात्री कंदील घेऊन तो तुकडा जागेवर आहे ना हे पाही.

एप्रिलच्या शेवटी, सुट्यांची गर्दी चढायच्या आधी, म्हाताऱ्याने नाल काढला, खूर मांडीवर घेतला आणि सुट्या तुकड्याच्या खाली सुमतराशीचे टोक सरकवले. अर्ध्या सुपारीएवढा, कडेला काळा पडलेला तुकडा टिचकन्‌ निघून धुळीत पडला. त्यामागची भिंत ओली, पांढरीशुभ्र, वरपर्यंत सलग होती. त्याने ती पेराने ठोकली, कान लावून ऐकली, पुन्हा ठोकली, आणि कानस मागितली. घोडी कान मागेपुढे करीत उभी होती. घोडेवाला तो तुकडा उचलायला वाकला, तोवर अंगणातले कुत्रे ते तोंडात धरून पडवीखाली गेले आणि तिथे बसून सावकाश चघळू लागले.